अर्धांगवायूनंतरचे चालणे आणि व्यायामोपचार : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अर्धांगवायूच्या झटक्यातून रुग्णाचे प्राण वाचले की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न असतो, 'पुन्हा चालता येईल का?' या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे बदलत गेली आहेत. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात या बदलाचा मागोवा घेण्यात आला आहे.

विश्रांतीकडून सरावाकडे :
चरकसंहितेत पक्षाघातावर स्नेहन, स्वेदन व विरेचन हे उपचार सांगितले आहेत. ग्रामीण भागात तेलाची मालिश, शेक आणि अंथरुणावरची विश्रांती रूढ राहिली. लुळे पडलेले अंग पुन्हा हालचाल शिकू शकते, हा विचार विसाव्या शतकात दृढ झाला. लंडनमध्ये बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने हालचालींच्या पुनर्शिक्षणाची पद्धती विकसित केली. पुढे ऑस्ट्रेलियातील जॅनेट कार व रॉबर्टा शेफर्ड यांनी प्रत्यक्ष कृतीच्या सरावावर भर दिला. चालायचे असेल तर उठणे, तोल सांभाळणे व पाऊल टाकणे यांचीच वारंवार पुनरावृत्ती हवी. अशा सरावामुळे मेंदूतील शाबूत भागांत नव्या जोडण्या निर्माण होतात.

भारतात या शास्त्राचा पाया पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर घातला गेला. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

जिल्ह्यातील दोन प्रवाह :
क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. येथे आरोग्यसेवेचे दोन प्रवाह दिसून येतात. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे प्रकल्प उभारून गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. तेथे अपंगांसाठी जयपूर फूटही तयार होऊ लागले. दुसरा प्रवाह शिक्षणसंस्थांचा होय. सहकाराची परंपरा असलेल्या लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे लोणी व विळद घाट येथे फिजिओथेरपी महाविद्यालयेही उभी राहिली.

संशोधनाचा कौल :
अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शरीराचा भार पेलणाऱ्या ट्रेडमिलवरील सराव आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील घरगुती व्यायाम यांचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. याउलट, भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या 'अटेंड' अभ्यासात (२०१७) कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी घरी पुनर्वसन केल्याने मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण घटले नाही.

निष्कर्ष :
महागडे यंत्र अपरिहार्य नाही; मात्र केवळ घरच्यांच्या मायेवरही विसंबता येत नाही, असे या दोन्ही अभ्यासांवरून सूचित होते. दूरच्या गावातील रुग्णाला दर आठवड्याला महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत नेणे शेतमजूर कुटुंबाला परवडत नाही. एका माणसाची मजुरी बुडते. म्हणून जामखेडची घरोघर पोहोचण्याची पद्धत आणि लोणी-विळद घाटाचे शास्त्रीय ज्ञान यांची सांगड घालणे अगत्याचे ठरते. फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला व वेळोवेळी तपासलेला सराव रुग्णाच्या अंगणापर्यंत पोहोचला, तरच 'पुन्हा चालता येईल का?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गावाच्या अंतरावर अवलंबून राहणार नाही.