भाड्याची खोली आणि सहकाराचें घर

नवीन जालन्याच्या श्रोत्यांस मुंबईच्या चाळींचा इतिहास सांगण्यास एक सबळ कारण आहे. १९२० सालीं मुंबई सरकारनें कामगारांसाठीं घरें बांधण्याचें मनावर घेतलें आणि त्या खर्चाकरितां शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसविला. जालना ही जुनी कापसाची पेठ. येथील जी गांठ मनमाडावरून मुंबईस उतरली, तिनेंहि त्या चाळींच्या पायांत आपला रुपया घातलाच.

त्या रुपयाचें झालें काय? गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचा संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या, आणि खोल्या झाल्या सुमारें सोळा हजार. खोली १६० चौरस फुटांची, खिडकीस सिमेंटच्या अचल झडपा. मग उजेड येणार कोठून? प्रारंभीं पुष्कळ खोल्या रिकाम्याच पडल्या. जेथें भाडेकरू येईनात, त्या वरळीच्या चाळींत सरकारनें १९३० सालीं सत्याग्रही कोंडले. त्या बांधणीवर याहून बोलकी टीका कोणी केली नसेल! पुढें रहिवाशांनींच त्या चाळींत जीव ओतला, ही गोष्ट निराळी.

वास्तविक निराळा मार्ग त्याच शहरांत आधींच निघाला होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईंत घरांची टंचाई फार जाणवूं लागली. उत्तर कानड्यांतून आलेल्या सारस्वत नोकरदारांपुढेंहि तोच प्रश्न होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं घाई केली नाहीं. १९०६ सालीं त्यांनीं प्रथम शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढून लोकांस बचतीची संवय लावली, आणि १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली. गांवदेवीस तिचीं घरें झालीं. येथें इमारतीची मालक संस्था, आणि भाडेकरू तोच संस्थेचा भागीदार. भाड्यांतून कर्ज, कर व डागडुजी भागावी, नफा कोणाच्या खिशांत जाऊं नये, हें तत्त्व. जिन्यावर अंधार असेल तर घरमालकाच्या दारीं आर्जवें करीत जाण्याचें कारण नाहीं. सभासदानें सभेंत उभें राहून जाब विचारावा. शेजार्‍याशीं संबंध केवळ भिंतीपुरता राहत नाहीं, तो असा.

परंतु ही सोय एका ज्ञातीची आणि तीहि पगारदारांची, हा आक्षेप खरा आहे. हातावर पोट असणाऱ्यांस हें साधेल काय? याचें उत्तर २००६ सालीं सोलापुराजवळ कुंभारी येथें मिळालें. विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें, गोदावरी परुळेकरांच्या नांवानें, तेथें दहा हजार घरें उभीं केलीं. पैसा केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्रिया यांनीं घातला. विडी घरीं बसून वळावयाची. तेव्हां या बाईचें घर हाच तिचा कारखाना. तंबाखूची धूळ आणि मुलांचा अभ्यास एकाच छपराखालीं. तिच्या घरीं खिडकी ही चैनीची वस्तु नव्हे. उजेडावर तिची मजुरी आणि वाऱ्यावर तिची छाती अवलंबून.

त्याच परिसरांत रे नगर येथें जानेवारी २०२४ मध्यें आणखी पंधरा हजार घरें असंघटित कामगारांच्या स्वाधीन झालीं.