डार्कली ड्रीमिंग डेक्स्टर
अमेरिकन लेखक जेफ लिंडसे यांची गुन्हेगारीविषयक इंग्रजी कादंबरी (२००४). कथानक फ्लॉरिडा राज्यातील मायामी शहरात घडते. नायक डेक्स्टर मॉर्गन हा पोलीस खात्यात रक्ताच्या शिंतोड्यांचे विश्लेषण करणारा तज्ज्ञ असून गुप्तपणे खूनही करतो. त्याची हिंसक प्रवृत्ती ओळखून त्याचे पोलीस अधिकारी असलेले दत्तक वडील हॅरी यांनी त्याला कायद्याच्या कचाट्यातून सुटलेल्या खुन्यांनाच लक्ष्य करण्याचा दंडक घालून दिलेला असतो. शहरात वेश्यांचे रक्तहीन, तुकडे केलेले मृतदेह सापडू लागतात. पोलीस दलातील बहीण डेबरा हिला तपासात मदत करताना डेक्स्टरला त्या खुन्याच्या कौशल्याविषयी अस्वस्थ करणारी ओढ वाटते. अखेरीस तो खुनी त्याचा सख्खा भाऊ ब्रायन असल्याचे उघड होते; बालपणी आईची क्रूर हत्या पाहिल्याचा आघात दोघांच्या हिंसक प्रवृत्तीच्या मुळाशी आहे.

प्रथमपुरुषी निवेदन हे कादंबरीचे खरे बळ होय. डेक्स्टरच्या मिश्कील स्वरामुळे वाचक खुन्याच्या बाजूने विचार करू लागतो आणि न्याय व सूड यांतील सीमारेषेचा प्रश्न तीव्र होतो. या कादंबरीपासून सुरू झालेली आठ कादंबऱ्यांची मालिका २०१५ मध्ये संपली. पहिल्या कादंबरीवर आधारलेली ‘डेक्स्टर’ ही दूरचित्रवाणी मालिका शोटाइम वाहिनीवर २००६ मध्ये सुरू झाली. तीत मायकेल सी. हॉल यांनी प्रमुख भूमिका केली.