जुन्नर परिसरातील पदभ्रमण वाटा

जुन्नर परिसरातील पदभ्रमण वाटा या पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या जुन्नर या प्राचीन नगराभोवतीच्या डोंगरवाटा होत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट नाणेघाटाची आहे. सातवाहन काळात कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच घाटाने जुन्नरला येत असे. कोकणातील वैशाखरे गावाजवळून सुरू होणारी ही चढण दगडी पायऱ्यांनी बांधलेली आहे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असून जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरागत समजूत आहे.

या व्यापारी मार्गावर जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले पहारा देत. १८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन व चावंड यांच्या पायऱ्या सुरुंग लावून फोडल्या. परिणामी जीवधनच्या कल्याण दरवाजाच्या वाटेवर आज कातळ चढावा लागतो, तर चावंडवर लोखंडी कठड्यांचा आधार घ्यावा लागतो. पावसाळ्यात शेवाळामुळे हे भग्न टप्पे निसरडे व धोकादायक होतात. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान असलेल्या शिवनेरीची सात दरवाजांची वाट त्या मानाने सुगम आहे.