जेवणाची वेळ

आधी नाक सांभाळा. तुम्ही फिलाडेल्फियात उतरलात, थेट हाय स्ट्रीटच्या मधोमध, आणि आज शनिवार, म्हणजे बाजाराचा दिवस. 21 मे 1796. तारीख एवढी एकदाच सांगते, मग विसरून जा. पायाखाली विटा आहेत, विटांवर घोड्यांची लीद, कोबीची कुजकी पानं आणि माशांचं पाणी. रस्त्याच्या ऐन मधून विटांच्या खांबांवरचं लांबलचक छप्पर गेलंय. त्याच्या सावलीत खाटीक सुरा परजतोय, जर्मन शेतकरीण लोण्याचे गोळे पानांत गुंडाळून ठेवतेय, करड्या कपड्यांतले क्वेकर बिनघासाघिशीचे सौदे करताहेत. डेलावेअर नदीतले शॅड मासे टोपल्यांत चकाकताहेत. आपल्या पाल्याचा हा भाऊबंद, चवीला तसाच आणि काट्यांना त्याहून वाईट.

भूक लागली असेल तर त्या कोपऱ्यावर जा. डोक्याला रुमाल बांधलेली एक काळी बाई मोठ्या पातेल्यातून रस्सा वाढतेय. आत वजडी आहे, खूर आहेत, आणि नाकातोंडातून पाणी काढेल एवढी मिरी. वाडगं तिचं, चमचा तिचा, उभ्यानेच खायचं आणि तिथेच परत द्यायचं. तुमच्या आधी तो चमचा कुणाच्या तोंडात होता हे विचारू नका.

खाता खाता तिला एक विचारून बघा. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं आणि मग खरं सांगून टाकलं, ती गोष्ट ठाऊक आहे का? ती तुमच्याकडे बघतच राहील. तुमच्या-माझ्या शाळेत पोचलेली ही गोष्ट अजून जन्मायचीच आहे. पुस्तकं विकत गावोगाव हिंडणारा मेसन वीम्स नावाचा एक पाद्री वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर त्याचं चरित्र छापेल, आणि चेरीचं झाड त्यात घुसेल ते थेट 1806 च्या आवृत्तीत. पोटोमॅक नदीपलीकडे चांदीचा डॉलर भिरकावल्याची कथाही तशीच. वॉशिंग्टनच्या घरापाशी ती नदी मैलभर रुंद आहे आणि त्याच्या लहानपणी अमेरिकेचा डॉलरच नव्हता. ही थापांची दुकानं सोडा. मला तुम्हाला दाखवायची आहे ती वेगळी थाप, निरुपद्रवी वाटते म्हणून अधिक वाईट. चला, सहाव्या रस्त्याकडे.

हे विटांचं उंच घर म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. पांढरं नाही आणि सरकारी मालकीचंही नाही, रॉबर्ट मॉरिस नावाच्या सावकाराकडून भाड्याने घेतलेलं आहे. समोरच्या दाराने जाऊ नका, तिथे तुम्हाला फक्त वाकून नमस्कार मिळेल. वॉशिंग्टन पाहुण्यांशी हस्तांदोलन करत नाहीत. मागच्या अंगाला वळा, हापशावरून पाणी नेणाऱ्या पोराच्या मागोमाग स्वयंपाकघरात शिरा.

पहिल्यांदा अंगावर येते ती धग. तुम्ही उभे राहू शकाल एवढं उंच चुलाणं, त्यात ओंडके भडकलेत, सळईवर मांस फिरतंय, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र होतोय. पाच मिनिटांत तुमचा सदरा पाठीला चिकटेल. बाहेर चिखल असला तरी इथे टेबलावर पिठाचा कण सांडलेला दिसणार नाही, कारण इथे हर्क्युलीसची सत्ता आहे. तो ओरडला की सगळे सैरावैरा धावतात, आणि जी गोष्ट हवी ती त्या क्षणी त्याच्या हाताशी येते. या शहरातला नामांकित स्वयंपाकी आहे तो. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं विकायची त्याला मुभा आहे आणि त्या पैशातून तो कपडे घेतो. जेवण वाढून झालं की एप्रन उतरेल, मखमली कॉलरचा निळा कोट चढेल, हातात सोन्याच्या मुठीची काठी येईल, आणि तो हाय स्ट्रीटवर फेरफटका मारायला निघेल. रस्त्यात लोक त्याला वाकून सलाम करतात.

आणि हर्क्युलीस गुलाम आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम इथे सलग सहा महिने राहिला की स्वतःला स्वतंत्र करून घेऊ शकतो. म्हणून या घरातल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याच्या सीमेपलीकडे पाठवून परत आणलं जातं, की महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हे गुलामांना आणि लोकांना कळू न देता करावं, असं राष्ट्राध्यक्षांनी आपल्या चिटणिसाला पत्रातून स्पष्ट लिहिलंय. सगळ्या वर्षांत मिळून या छपराखाली असे नऊजण राबले.

घ्या, ते ताट उचला. स्वयंपाकघरातून मुख्य घराकडे जमिनीखालून एक वाट जाते, नोकरांसाठी. अंधार आहे, गारवा आहे, भिंतीला ओल आहे, वाफाळत्या ताटाने तुमची बोटं पोळताहेत. (हीच वाट 2007 मध्ये उत्खननात सापडली. आज शेजारी ‘लिबर्टी बेल’ या ऐतिहासिक घंटेचं दालन आहे.) वर आलात की दार अर्धवट उघडं असेल. आत बघा, पण फार वेळ नको.

तो उंच माणूस म्हणजे वॉशिंग्टन. टोप नाही, ते त्याचे स्वतःचे केस आहेत, एकेकाळी तांबूस, आता पावडर लावून मागे बांधलेले. तो हसत नाही. त्याचं कारण स्वभावात शोधू नका, ओठांकडे बघा. जबड्यात दातांच्या दोन कवळ्या आहेत, त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा तोंड सतत उघडू पाहतात आणि त्याला दात गच्च आवळून बसावं लागतं. हिरड्या दुखतात, गाल फुगलेले दिसतात, चावणं हे कष्टाचं काम आहे. सात वर्षांपूर्वी शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

कवळी लाकडाची होती, असं आपण ऐकत आलो. लाकूड त्यात कधीच नव्हतं. पाणघोड्याचा दात कोरून, शिसं ओतून, पितळेचे स्क्रू घालून ती बनवली जायची, आणि त्यात माणसांचे दातही बसवलेले असत. पोर्ट दारूने तो दात काळवंडायचा, भेगांत डाग भरायचे आणि त्याला लाकडाच्या रेघांची कळा यायची, म्हणून पुढे ही समजूत पसरली असावी. पण माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या घराच्या हिशेबवहीत 1784 च्या मे महिन्यात एक नोंद आहे: दंतवैद्यासाठी निग्रोंकडून नऊ दात, सहा पौंड दोन शिलिंग. खाली कुणाचं नाव नाही. लाकडाचा दात म्हटलं की मुलं हसतात आणि पान उलटतात. नऊ दात म्हटलं की विचारावं लागतं, कुणाच्या तोंडातले? तो प्रश्न मुलांनी विचारायला हवा असं मला मनापासून वाटतं, आणि तो मराठी मुलांनीही विचारायला हवा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना. अमेरिकेच्या इतिहासात कुठे बघायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता जिन्याकडे या, घाईने. वरून एक मुलगी उतरतेय, विशीतली, अंगावर चांगलं लुगडं नव्हे, चांगला झगा, चेहऱ्यावर दाट ठिपके, काळेभोर डोळे. ओना जज, त्या नऊजणांपैकी एक. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन बाईंचे केस, कपडे, शिवणटिपण सगळं हिच्याकडे. चार दिवसांपासून घरात बांधाबांध चालू आहे, व्हर्जिनियाला जायचंय. हिला ठाऊक आहे की बाईसाहेबांनी तिला आपल्या नातीला देऊन टाकायचं ठरवलंय. नात एलायझा, तिचा नवा नवरा थॉमस लॉ. हा लॉ बिहारमध्ये गयेला ईस्ट इंडिया कंपनीचा कलेक्टर होता. कंपनीचा पैसा कुठवर पोचतो बघा. एकदा व्हर्जिनियात गेलं की सुटका नाही, हे ओनाने ओळखलंय. म्हणून घरची मंडळी सामान बांधत होती तेव्हा तीही बांधत होती. तिच्या वस्तू शहरातल्या काळ्या मित्रमंडळींकडे आधीच पोचल्यात.

आत काटे-चमचे वाजताहेत, कुणीतरी पेला भरतंय. ओना तुमच्या शेजारून जाते, तिच्या झग्याला इस्त्रीचा वास आहे. दार उघडतं, रस्त्याचा गलका आत येतो, दार बंद होतं. तुम्ही काही बोलू नका.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात जाहिरात येईल. दहा डॉलर बक्षीस, आणि पळून जायला काही कारण नव्हतं अशी तक्रार. तोवर ती ‘नॅन्सी’ नावाच्या जहाजातून न्यू हॅम्पशायरच्या वाटेला लागलेली असेल. कप्तानाचं नाव तो मरेपर्यंत तिने उच्चारलं नाही, त्याला त्रास होऊ नये म्हणून. ती तिकडे वाचायला शिकली, गरिबीत राहिली, 1848 मध्ये वारली, परत मात्र गेली नाही. हर्क्युलीसही पुढच्या फेब्रुवारीत निसटला, ऐन वॉशिंग्टनच्या वाढदिवशी.

अजून एक जेवण बाकी आहे. अठरा वर्षं पुढे या, ऑगस्टच्या उकाड्यात, वॉशिंग्टन शहरात. समोरचं राष्ट्राध्यक्षांचं घर आधीपासूनच पांढरं आहे. ब्रिटिशांनी जाळल्यावर काजळी झाकायला रंगवलं, ही समजूत खोटी, 1798 मध्येच त्याला चुन्याचा हात दिलेला. धुळीने तुमच्या घशाला कोरड पडलीय, ब्रिटिशांशी लढाई जुंपलीय, लांबून तोफा ऐकू येताहेत, आणि आत आताचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी डॉली मॅडिसन बाईंच्या हुकमाप्रमाणे तीनचं जेवण मांडलं जातंय. पॉल जेनिंग्ज नावाचा पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा सायडर आणि दारूच्या बाटल्या गार करायला ठेवतोय. तेवढ्यात जेम्स स्मिथ नावाचा स्वतंत्र काळा गडी घोडा फेकत येतो, टोपी हलवतो, ओरडतो: निघा, निघा!

पुढचं तुम्ही पुस्तकात वाचलंय, वॉशिंग्टनचं भलंमोठं चित्र बाईंनी स्वतः वाचवलं म्हणून. हुकूम त्यांचा होता, हे खरं. पण आता तुम्ही दालनात आहात, डोळ्यांनी बघा. चित्र उंच आहे, शिडी लागते, चौकट भिंतीला पक्की ठोकलेली. घाम गाळत लाकूड फोडताहेत तो फ्रेंच कारभारी सिउसा आणि माळी मॅग्रॉ. लाकडाच्या ढलप्या तुमच्या पायाशी उडताहेत. चित्र गाडीत चढतं आणि गाडी निघते. मांडलेलं जेवण संध्याकाळी ब्रिटिश शिपाई खाऊन टाकतील आणि मग घराला आग लावतील.

पन्नासेक वर्षांनी, 1865 मध्ये, जेनिंग्जने आपल्या आठवणी छापल्या, ‘अ कलर्ड मॅन्स रेमिनिसन्सेस ऑफ जेम्स मॅडिसन’, अगदी लहानसं पुस्तक. चित्राची लोककथा साफ खोटी आहे हे त्यात त्याने लिहून ठेवलंय. त्याची सुटका व्हायला 1847 साल उजाडलं. सिनेटर डॅनियल वेबस्टरने त्याला 120 डॉलरला सोडवलं आणि ते पैसे जेनिंग्जने महिन्याला आठ डॉलर प्रमाणे काम करून फेडले. त्याच पुस्तकात पुढे आहे की म्हातारपणी डॉली मॅडिसन कंगाल झाल्या होत्या, आणि वेबस्टरने भरून दिलेली बाजाराची टोपली घेऊन जेनिंग्ज त्यांच्याकडे जायचा. अधूनमधून त्याने त्यांना स्वतःच्या खिशातून थोडेफार पैसेही दिले.