सत्य वदविणारी सुई

गावात चोरी झाली किंवा खून पडला आणि गुन्हेगार काही सापडेना, की चावडीवर कुणीतरी हमखास म्हणतो, "अहो, त्याला ती खरं बोलायची सुई टोचा, घडाघडा बोलेल सगळं!" अशी सुई आहे, हे खरे. तिच्याने माणूस बोलू लागतो, हेही खरे. पण तो खरेच बोलतो काय? पुण्यात गाजलेल्या एका खटल्याने हा प्रश्न आपल्या दाराशी आणून उभा केला. म्हणून तो आज जरा शांतपणे पाहू या.

संशयिताच्या देहालाच सत्य विचारावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत वतनाचा एखादा तंटा साक्षीने वा कागदपत्राने तुटेना, तर दिव्य करण्याची पाळी येई. रवादिव्यात कढत तेलातुपात धातूचा लहान तुकडा, म्हणजे रवा, टाकीत आणि तो हाताने काढायला लावीत. मग हातावर पिशवी बांधून मोहोर करीत. काही दिवसांनी पिशवी सोडल्यावर हात शाबूत दिसला तर माणूस खरा झाला, भाजलेला दिसला तर खोटा झाला! 'दिव्य करणे' हा शब्दप्रयोग तेवढा आज आपल्या बोलण्यात उरला आहे.

सुईची कथा अमेरिकेत सुरू होते. १९१६ साली टेक्सास राज्यातील डॉ. रॉबर्ट हाउस एका घरी बाळंतपणासाठी गेले होते. कळांची जाणीव राहू नये म्हणून त्या काळी स्कोपोलामीन नावाचे औषध देत. हे द्रव्य आपल्या धोतऱ्यातही असते. मूल जन्मल्यावर डॉक्टरांनी वजनाचा काटा मागितला. नवऱ्याला तो काही सापडेना. तोच गुंगीत असलेली बाळंतीण म्हणाली, काटा स्वयंपाकघरात तसबिरीमागच्या खिळ्याला आहे. आणि काटा तेथेच होता! या अवस्थेत माणसाला खोटे बोलताच येत नसावे, असे डॉक्टरांच्या मनाने घेतले. १९२२ साली त्यांनी डॅलस येथील दोन कैद्यांवर हा प्रयोग केला. वर्तमानपत्रांनी त्या औषधाला 'ट्रुथ सीरम' असे नाव दिले, आणि ते जगभर झाले. पण मंडळी, काटा कुठे आहे हे सांगताना त्या माउलीला लपवायचे असे काय होते?

पुढे स्कोपोलामीन मागे पडले आणि सोडियम अमायटल, सोडियम पेंटोथाल ही औषधे आली. पेंटोथाल हे मुळात शस्त्रक्रियेच्या भुलीचे औषध. शिरेतून दिले की अर्ध्या मिनिटात मेंदूवर चढते. आपल्या मेंदूत पेशींची धावपळ आवरणारे 'गॅबा' नावाचे द्रव्य असते. गाडीला जसा ब्रेक, तसे ते. पेंटोथाल हा ब्रेक अधिक घट्ट लावते. मात्रा भरपूर झाली तर माणूस बेशुद्ध होतो, श्वासही थांबू शकतो. मात्रा बेताची असेल तर तो झोप आणि जाग यांच्या सीमेवर राहतो. सारासार विचार करून जिभेला आवरणारा मेंदूचा भाग सुस्तावतो आणि जीभ सैल सुटते.

येथेच खरी मेख आहे. दारू प्यालेला गडी मनातले बोलतो, तशाच बढायाही मारतो. या गुंगीतही आठवण, स्वप्न, भीती आणि इच्छा यांची खिचडी होते. विचारणाऱ्याच्या प्रश्नातच उत्तर दडलेले असेल, तर माणूस तेच उचलतो. उलट, पक्क्या मनाचा माणूस लपवायचे ते लपवतोही. १९५१ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी नऊ जणांना एकेक बनावट कथा ठरवायला सांगून अमायटल दिले. त्यांतील काहींनी आपली बनावट कथा शेवटपर्यंत सोडली नाही.

आता पुण्याकडे वळू. २००२ सालच्या जूनमध्ये येथे बनावट मुद्रांक पकडले गेले आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीचा प्रचंड घोटाळा उजेडात आला. २००३ च्या अखेरीस बंगळूर येथे त्याची नार्को चाचणी झाली. तिची चित्रफीत २००६ साली दूरचित्रवाणीवर झळकली. गुंगीतल्या तेलगीने काही बड्या पुढाऱ्यांची नावे घेतली होती, त्यामुळे घरोघरी त्याचीच चर्चा झाली. पण अशा बरळण्यावर न्यायालयात कुणालाही दोषी ठरविता येत नाही. २००७ साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने तेलगीला १३ वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड अशी शिक्षा दिली, ती त्याने पूर्ण शुद्धीवर, न्यायाधीशांपुढे गुन्हा कबूल केल्यावर.

याच घोटाळ्याच्या तपासात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली अशा चाचण्यांना वाट मोकळी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ५ मे २०१० रोजी 'सेल्वी' खटल्यात निक्षून सांगितले, की संमतीवाचून कुणाचीही नार्को चाचणी करता येणार नाही. घटनेच्या विसाव्या कलमाप्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. संमती द्यायची, तर वकिलाचा सल्ला मिळाला पाहिजे आणि ती दंडाधिकाऱ्यापुढे नोंदविली पाहिजे. एवढे करूनही गुंगीतले बोलणे हा पुरावा नव्हेच. संमतीने झालेल्या चाचणीतील माहितीवरून पुढे एखादी वस्तू वा नवी माहिती हाती लागली, तर तेवढीच न्यायालयापुढे येऊ शकते. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट गावात अवश्य सांगावी. गरीब, अडाणी माणसाला "सुई टोचू" म्हणून कुणी दरडावले, तर 'नाही' म्हणण्याचा त्याला हक्क आहे. आणि नाही म्हणणारा चोरच असतो, असे गावानेही समजू नये.

३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या वेळी रामशास्त्री प्रभुणे यांच्याजवळ कसली सुई नव्हती. त्यांनी माणसे तपासली, चौकशी केली आणि खुद्द राघोबादादांना दोषी ठरविले. सत्य शोधायचा तो मार्ग लांबचा आणि कष्टाचा होता. आजही तपास करणाऱ्याला त्याच मार्गाने जावे लागते.