काठी कुठल्या हातात?

अटारी कंपनीने १९७७ साली घरच्या टीव्हीला जोडायचा जो व्हिडिओ गेम बाजारात आणला, तो पुढे अटारी २६०० या नावाने जगभर ओळखला गेला. त्याच्याबरोबर येणारी जॉयस्टिक अगदी साधी होती. चौकोनी काळा ठोकळा, मधोमध उभी काठी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एकुलतं एक लाल बटण. बटण डाव्या कोपऱ्यातच का, ते ठोकळा हातात घेतला की कळतं. डाव्या मुठीत ठोकळा धरला की डावा अंगठा आपसूक लाल बटणावर येतो आणि मोकळा उरलेला उजवा हात काठी फिरवतो. नेमकेपणाचं काम काठीचं, म्हणून ते उजव्याकडे. बटण दाबणं हे त्या मानाने हलकं, म्हणून ते डाव्याकडे. बनवणाऱ्यांनी हे गृहीतच धरलं होतं.

दहा माणसांत साधारण एक डावखुरं असतं. अशा मुलाने ठोकळा उजव्या हातात धरला, की बटण पार पलीकडच्या कोपऱ्यात जायचं. ठोकळा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा वळवला, तर बटण बरोबर उजव्या अंगठ्याखाली येई, पण दिशांचा घोळ होई. काठी पुढे ढकलावी तर पडद्यावरचं विमान डावीकडे पळणार. यावर उपाय होता आणि तो काही जणांनी केलाही. ठोकळ्याच्या पोटाचे स्क्रू काढायचे, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे या चार दिशांच्या तारा शोधायच्या आणि त्यांच्या जागा एकेक घर पुढे सरकवायच्या. जुळवून परत बंद केलं की तीच जॉयस्टिक डावखुरी व्हायची. बाजारात न मिळणारी वस्तू स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः तयार करणं, हे डावखुऱ्यांच्या व्हिडिओ गेमच्या इतिहासातलं पहिलं मोठं पाऊल म्हणायला हवं.

त्याआधी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला, त्याला एक गोल खुंटी आणि एक बटण होतं. १९७२ च्या पाँगमध्ये तर प्रत्येक खेळाडूला नुसती खुंटी. कुठल्याही हाताने फिरवा. एमआयटीतल्या ‘स्पेसवॉर’ची गोष्ट थोडी वेगळी. १९६२ चा हा खेळ आधी पीडीपी-१ संगणकाच्या दर्शनी फळीवरच्या स्विचांनी खेळत आणि त्यात कोपर दुखून येत. म्हणून ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी वेगळ्या पेट्या बनवल्या. कंट्रोलर जन्मला तो असा, दुखणाऱ्या हातांमुळे. शरीराला यंत्राशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी यंत्रच शरीराजवळ आणणं, ही त्याची मूळ प्रेरणा आहे. पुढच्या साठ वर्षांत अनेक कंपन्या हे मूळ विसरल्या, असं मला वाटतं.

आता पुढचं वळण. अटारीने काठी उजव्या हातात दिली होती. मग आजच्या कंट्रोलरवर दिशा डाव्या अंगठ्याकडे कशा आल्या? हा बदल आधी व्हिडिओ गेम पार्लरमधल्या उभ्या पेट्यांवर झाला. १९८० च्या पॅकमॅनला एकच काठी होती आणि ती मधोमध. बटणाची गरजच नाही. पण १९८१ च्या डाँकी काँगमध्ये काठी डावीकडे आणि उडी मारायचं बटण उजवीकडे. त्याच सुमाराच्या डिफेंडरमध्ये डाव्या हातात वर-खाली करायची काठी आणि उजव्या हाताला गोळीबारासकट बटणांचा ताफाच. माझा अंदाज असा, की बटणं वाढली आणि ती भराभर दाबावी लागू लागली, तेव्हा रचनाकारांना तेच काम जास्त अवघड वाटलं असावं. मग चपळ हात तिकडे आणि काठी दुसऱ्याकडे. पार्लरची पेटी ठोकळ्यासारखी वळवता येत नाही. घरी उजव्या हाताने काठी फिरवायची सवय लागलेल्यांची तिथे पंचाईत व्हायची. काही जण हातांची फुली करून खेळायचे.

या डाव्या काठीला अंगठ्याएवढं केलं ते निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी. कंपनीच्या गेम अँड वॉच मालिकेतला १९८२ चा डाँकी काँग हा घडीचा, दोन पडद्यांचा, खिशात मावणारा खेळ होता. त्यावर उभी काठी बसवली तर घडीच मिटणार नाही. योकोईंनी अधिकच्या चिन्हासारखं सपाट बटण डाव्या बाजूला बसवलं, उडीचं बटण उजवीकडे. पार्लरमधलीच मांडणी, फक्त चपटी केलेली. निन्टेंडोच्याच १९८३ च्या फॅमिकॉम या घरच्या यंत्रावर तेच फुलीचं बटण आलं, आणि मग सेगा, सोनी, मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांनी दिशा डावीकडेच ठेवल्या.

डावखुऱ्यांसाठी ही न मागता मिळालेली देणगी होती. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला महाराष्ट्रात गावोगाव पोहोचल्या. आपण त्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. पिवळ्या-काळ्या कॅसेटी, त्यात मारिओ आणि काँट्रा. मी डावखुरी. शाळेत पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली जायची, पंगतीत वाढताना हात बदलायला सांगितलं जायचं. मारिओ पळवताना मात्र माझ्या डाव्या अंगठ्याला कुणी टोकलं नाही. तिथे सगळ्यांचाच डावा अंगठा राबत होता.

म्हणजे कंट्रोलर तेव्हा डावखुरा झाला होता का? तसंही नाही. इथे फ्रेंच संशोधक इव्ह गियार यांनी १९८७ साली मांडलेली एक कल्पना उपयोगी पडते. दोन हात मिळून काम करतात तेव्हा दुय्यम हात आधी पुढे होतो, चौकट धरतो, ढोबळ हालचाल करतो. मुख्य हात त्या चौकटीत बारीक काम करतो. लिहिताना एक हात कागद सरकवतो, दुसरा अक्षर काढतो, तसं. या नजरेने पाहिलं तर अटारीची जॉयस्टिक उघडउघड उजव्यांची होती. फॅमिकॉमचा कंट्रोलर मात्र बराचसा तटस्थ. मारिओला दोन पावलं मागे घेऊन नेमक्या क्षणी उडी मारायची, यात चौकट कुठली आणि बारीक काम कुठलं? दोन्ही अंगठे तोलामोलाचे.

त्याच काळात दोन्ही हातांचा विचार करणारं एक वेगळं घराणंही होतं, आणि ते फोफावलं नाही याची मला खंत आहे. मॅटेलच्या इंटेलिव्हिजनच्या कंट्रोलरला दोन्ही कडांवर बटणं होती, त्यामुळे तो कुठल्याही हातात धरता येई. १९८९ चा अटारी लिंक्स तर आणखी पुढचा. हातात धरायच्या या यंत्राला बटणांचा जोड वर आणि खाली असा दोनदा दिलेला होता. यंत्र उलटं धरायचं, पडद्यावरचं चित्र उलटवायचं, की फुली उजव्या अंगठ्याखाली. मूळ रचनेतच डावखुऱ्यांची सोय केलेली अशी यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. फुलीचं बटण देणारे योकोई १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांचा सहभाग असलेलं वंडरस्वान हे हातात धरायचं यंत्र १९९९ साली आलं, त्यावर दिशांच्या बटणांचे दोन संच होते, आडवं-उभं कसंही खेळण्यासाठी.

कंट्रोलर पुन्हा उजवा झाला तो दुसऱ्या काठीमुळे. बीज जुनं होतं. १९८२ च्या रोबोट्रॉनमध्ये डाव्या काठीने पळायचं आणि उजवीने गोळ्या झाडायच्या अशी सोय होती. १९९७ साली सोनीने प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर दोन काठ्या बसवल्या आणि काही वर्षांत नेमबाजीच्या खेळांनी त्यांची वाटणी पक्की केली. डाव्या काठीने चालायचं, उजवीने पाहायचं आणि नेम धरायचा. गियार यांचीच चौकट जणू कुणी समोर ठेवून आखली: ढोबळ हालचाल डावीकडे, बारीक नेम उजवीकडे. २००० साली ‘एलियन रिसरेक्शन’ या खेळाने ही मांडणी वापरली, तेव्हा ती अवघड आणि वैतागवाणी असल्याची टीका झाली होती. आज तीच जगातल्या बहुतेकांना ‘नैसर्गिक’ वाटते. उजव्यांनाही ती शिकावीच लागली होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

डावखुऱ्यांपैकी बहुतेकांनी काय केलं? निमूटपणे शिकले. लहानपणी जे हातात पडतं ते हाताचं होऊन जातं. पण ज्यांचा उजवा अंगठा नेमाला तयारच होत नव्हता, त्यांच्यासाठी २००१ च्या ‘हेलो’ने मेन्यूत काठ्यांची अदलाबदल करायची सोय दिली, ‘कॉल ऑफ ड्यूटी’नेही दिली. हे फार मोलाचं होतं, तरी पुरेसं नव्हतं. कंट्रोलरवरची चार मुख्य बटणं उजव्या अंगठ्याजवळच राहतात. काठ्या बदलल्यावर उजवा अंगठा चालण्याचं काम करतो, म्हणजे उडी मारायला किंवा बंदुकीत गोळ्या भरायला बटणाकडे गेला की माणूस जागच्या जागी थांबतो. उजव्या खेळाडूचा अशा वेळी नेम सुटतो, पण पाय चालू असतात. मग डावखुरे उडीचं बटण मागच्या खटक्यांवर नेतात, गोळीबाराचा खटका डाव्या तर्जनीकडे आणतात, आणि खेळाने परवानगी दिली नाही तर तिथेच अडतात.

सगळ्यात जास्त अडचण झाली ती लेखणीवाल्या यंत्रांवर, कारण लेखणी आली की मुख्य हात लपवता येत नाही. २००४ च्या निन्टेंडो डीएसवर डावखुरा माणूस लेखणी डाव्या हातात धरणार, म्हणजे फुलीचं बटण वाऱ्यावर. ‘मेट्रॉइड प्राइम हंटर्स’ने २००६ साली डावखुऱ्यांसाठी वेगळी मांडणी दिली, ज्यात उजवीकडची चार बटणंच दिशांचं काम करत. २०१२ साली थ्रीडीएसवर ‘किड इकारस: अपरायझिंग’ आला तेव्हा चालण्यासाठी डावीकडे सरकती चकती होती. उजवीकडे तशी नव्हतीच. उपाय म्हणून सर्कल पॅड प्रो नावाचा एक पाळणा वापरता येत होता. यंत्र त्यात बसवायचं, त्यात एक छोटा सेल घालायचा, की उजव्या बाजूला दुसरी चकती मिळते. तो वेगळा विकत घ्यावा लागे. डावखुरेपणाची किंमत इतक्या थेट रोख पैशांत क्वचितच मोजली गेली असेल.

याच कंपनीच्या ‘झेल्डा’ मालिकेतला नायक लिंक १९८६ पासून डावखुरा होता. जगभरच्या डावखुऱ्या मुलांना त्याचं केवढं अप्रूप! २००६ साली ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ तयार होत असताना निन्टेंडोच्या वी या नव्या यंत्राचा रिमोट आला. तलवार चालवायची तर हातातला रिमोट हलवायचा, आणि बहुतेक खेळाडू तो उजव्या हातात धरणार. पडद्यावर लिंकची तलवार डाव्या हातात, हे विसंगत दिसू लागलं. मग निन्टेंडोने वीच्या आवृत्तीत सगळं जगच आरशासारखं उलटवलं. नकाशे, डोंगर, घरं, वाटा, सगळं डाव्याचं उजवं. आधीच्या गेमक्यूब या यंत्रावरच्या आवृत्तीत लिंक डावखुराच राहिला. २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’पासून पुढच्या मोठ्या खेळांत लिंक उजव्या हाताने तलवार धरू लागला. एका नायकाचा हात उजवा दिसावा म्हणून अख्खा प्रदेश फिरवता येत असेल, तर दोन काठ्यांची अदलाबदल तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे हे कारण मला पटणं शक्य नाही.

संगणकाची कथा थोडक्यात. माउस उजवीकडे आणि डब्ल्यू-ए-एस-डी डावीकडे ही मांडणी नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘क्वेक’ या नेमबाजीच्या खेळाच्या काळात रुळली. डावखुऱ्यांनी आय-जे-के-एल किंवा बाणांची बटणं धरली. तिथे कुठलंही बटण कुठेही नेता येतं, म्हणून रडगाणं कमी. अडचण होते ती उजव्या तळव्याच्या आकारात ओतलेल्या माउसची. रेझरने डावखुऱ्यांसाठी वेगळे माउस काढले, पण असे प्रयत्न मोजकेच.

अलीकडची खरी सुधारणा डावखुऱ्यांच्या मागणीतून आलीच नाही. ती अपंग खेळाडूंच्या लढ्यातून आली. २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर यंत्राच्या पातळीवरच बटणं बदलायची सोय झाली, २०२० साली निन्टेंडो स्विचवर. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली दोन मोठ्या बटणांचा, बाहेरून हवे ते खटके जोडता येणारा कंट्रोलर आणला. सोनीने २०२३ साली कुठल्याही दिशेने फिरवून ठेवता येणारा. एकीकडे अर्ध्या हाताने खेळणारा माणूस, दुसरीकडे डावखुरा. गरज वेगळी, पण दोघांना एकाच सोयीने हात दिला. यात एक उणीव उरते. यंत्राच्या पातळीवर बटण बदललं तरी खेळाला ते कळत नाही, आणि पडद्यावर जुन्याच बटणाचं नाव झळकत राहतं.

महाराष्ट्रातली बहुतेक मुलं आज फोनवर खेळतात. बीजीएमआयसारख्या खेळात गोळीबाराचं बटण दोन्ही बाजूंना ठेवता येतं आणि बाकीची बटणं बोटाने ओढून हवी तिथे नेता येतात. काचेवर काही साच्यात ओतलेलं नसतं, म्हणून तिथे सबबही उरत नाही. पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्या तरुण मंडळींना म्हणूनच माझी विनंती आहे: काठ्यांची अदलाबदल, खटक्यांची अदलाबदल, संपूर्ण मांडणी आरशासारखी उलटवायची सोय, आणि बदललेल्या बटणाचंच नाव पडद्यावर दाखवणं, या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून मेन्यूत ठेवा. आणि तुमच्या चाचणीच्या खोलीत निदान एक डावखुरा खेळाडू बसवा.