रोग्याचा प्रश्न

वैद्यकाचे इतिहास बहुधा वैद्यांनींच लिहिले. त्यामुळें उत्तरें कोणीं शोधलीं याची नोंद त्यांत सविस्तर सांपडते, प्रश्न कोणीं विचारले याची क्वचितच. अंगावर मोठमोठे फोड आणणाऱ्या एका दुर्मिळ रोगवर्गाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

वैद्यांचा पहिला प्रश्न नांवाचा. १७९१ मध्यें हानोव्हरचे विक्मान यांनीं 'पेम्फिगस'चें वर्णन केलें. पुढें दीडशें वर्षें नाना प्रकारचे फोड याच नांवाखालीं मोडत होते. १९५३ मध्यें वॉल्टर लीव्हर यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें, बहुधा वृद्धांस गांठणारा 'पेम्फिगॉइड' त्यापासून निराळा काढला. दुसरा प्रश्न कारणाचा. १९६४ मध्यें अमेरिकेंत ब्यूटनर व जॉर्डन यांस पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तांत त्यांच्याच त्वचेवर उलटलेलीं प्रतिद्रव्यें आढळलीं. रक्षणासाठीं ठेवलेलें सैन्यच घरावर चालून आलें होतें.

रोग्याचा प्रश्न मात्र तिसराच होता. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन आलें, आणि पूर्वीं बहुतेकांस कांहीं वर्षांतच नेणाऱ्या पेम्फिगसमधून माणसें वांचूं लागलीं. पण या वर्गाच्या औषधांनीं हाडें ठिसूळ होत, रक्तांतील साखर वाढे, जंतूंस दार मोकळें होई. रोग सोसावा कीं औषध, हा खरा पेंच होता.

त्याचें उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. पास्काल जोली व त्यांचे सहकारी यांनीं पेम्फिगॉइडच्या ३४१ रोग्यांवर केलेली परीक्षा २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. रोग फार पसरलेल्यांपैकीं पोटांत स्टेरॉइड घेणारे शेंकडा ५८ वर्षअखेर जिवंत होते; त्याच वर्गाचें तीव्र मलम अंगास लावणारे शेंकडा ७६. येथें नवें द्रव्य शोधावें लागलें नाहीं; योग्य प्रश्न तेवढा विचारावा लागला.

रोग्यास शास्त्र काय कळतें, असा आक्षेप येईल. कारणाचा शोध वैद्यांनींच लावावयाचा, हें खरेंच. परंतु दुर्मिळ रोगांत परीक्षेस मिळणारीं माणसें थोडीं आणि पैसाहि थोडा. तो कोणत्या प्रश्नावर आधीं खर्चावा, हें ठरवितांना ज्याच्या अंगावर फोड आहेत त्यास दाराबाहेर ठेवणें न्यायाचें नाहीं व शहाणपणाचेंहि नाहीं. इंग्लंडांत २००४ मध्यें स्थापन झालेली जेम्स लिंड अलायन्स रोगी, शुश्रूषा करणारे व वैद्य यांस एका पंक्तीस बसवून संशोधनाचे अग्रक्रम ठरविते. वैद्यकाच्या इतिहासांत प्रश्नकर्त्याचें नांव नोंदलें जाण्यास त्यामुळें आरंभ झाला आहे.